सगळं जसंच्या तसं

नवा कॉम्प्युटर घेतला की गिऱ्हाईक जुना सीपीयू माझ्या टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, ‘सगळं जसंच्या तसं आलं पाहिजे.’ माझी बहुतेक गिऱ्हाइकं डीटीपीवाली आणि छोट्या छापखान्यांची. फायली आणाव्यात, सिस्टिम आणू नये, हे त्यांना पटवण्यात माझा बराच चहा खर्ची पडतो.

क्लोन करता येतो, हे खरं. कॉम्प्युटर तोच ठेवून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची असेल, तर उत्तमच. पण मशीनच बदललं की जुनी विंडोज अडखळते. तिची डिस्क एमबीआर पद्धतीची, बायोसवरून सुरू होणारी. नवी मशीन्स यूईएफआय आणि जीपीटी मागतात. डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नसला की निळा पडदा ठरलेला. आणि एवढा खटाटोप कशासाठी? एक्सपीसाठी, जिचे अपडेट एप्रिल २०१४ मध्येच थांबले!

फायलींचं काम तसं सोपं. डिस्क बाहेर काढायची, यूएसबी केबलने जोडायची, कॉपी करायची. डिस्क कटकट आवाज करत असेल, तर मात्र कॉपी-पेस्ट करत बसू नये. अशा वेळी डीडीरेस्क्यू वापरावं. ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब सेक्टरांशी झटापट शेवटी करतं.

खरी गोम यानंतर. फायली सगळ्या आल्या, उघडल्या, आणि पानावर मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा! मालकाला वाटतं, व्हायरस आला. प्रत्यक्षात मजकुराला धक्काही लागलेला नसतो; विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधले फाँट तेवढे मागे राहिलेले असतात. श्रीलिपी, आयएसएम ही पुण्यात घडलेली पॅकेजेस. त्या काळच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत: अर्धा स, काना, वेलांटी, रफार. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एकीचा मजकूर दुसरीच्या फाँटात वाचता येत नाही.

‘मग युनिकोड करून टाका की!’ करतो, पण कन्व्हर्टरचं बटण दाबलं की झालं, असं नसतं. जुन्या फाँटात ‘कि’ची वेलांटी क-च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. ‘सूर्य’मधला रफार जुन्यात य-नंतर येतो, युनिकोडमध्ये त्याचा र आधी. कन्व्हर्टरला हा क्रम प्रत्येक अक्षरापाशी उलटवावा लागतो आणि जोडाक्षरांच्या गर्दीत तो चुकतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ हे शब्द मी हटकून तपासतो. मुद्रितशोधकाचे पैसे वाचवायचे असतील, तर रूपांतराच्या वाटेला जाऊच नये.

पेजमेकरच्या फायलींची कथा आणखी वेगळी. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या त्या उघडत. पुढच्यांनी ते दार बंद केलं. काही पॅकेजांना लॉक असे, मागच्या प्रिंटर पोर्टला लावायचं, आणि आजच्या मशीनला बहुधा ते पोर्टच नसतं. ज्याच्याकडे अशी वीस वर्षांची पानं आहेत, त्याच्यासाठी मी माझंच मत मोडतो आणि सिस्टिमही नेतो. फक्त ती नव्या डिस्कवर पसरत नाही. व्हर्च्युअल मशीन करून एका मोठ्या फायलीत बंद ठेवतो, इंटरनेट तोडून. खिडकीतल्या खिडकीत एक्सपी सुरू होते, पेजमेकरही उघडतो. पोर्टवालं लॉक असेल, तर मात्र हाही उपाय हमखास नाही.

म्हणून जुनं मशीन धडधाकट आहे तोवरच त्याच्यावर बसून एक काम उरकावं: प्रत्येक अंकाची, प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ, फाँट एम्बेड करून. मजकूर उचलायला ती उपयोगाची नाही, कॉपी केला की तोच कचरा हाती येतो. पण पान दिसतं तसं छापता येतं. मूळ फायली आणि फाँट फोल्डर दोन वेगळ्या डिस्कांवर घ्यावेत. जुनी डिस्क भंगारात घालायची घाई नको. पुढच्या दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म छापून होईपर्यंत ती कपाटातच राहू द्यावी.