उघडलंस तू, जोडणारही तूच!

मित्रांनो, तुमच्या घरात बंद पडलेलं एखादं चावीचं घड्याळ आहे का? आजोबांच्या पेटीत, आजीच्या बटव्यात, नाहीतर कपाटाच्या खणात अगदी मागे? जरूर शोधा. पण सापडलं म्हणून लगेच उघडू नका हं! आधी माझी फजिती ऐका.

गोष्ट १९८७ सालच्या मे महिन्यातली. सहावीची परीक्षा देऊन मी मोकळा झालो होतो. आमचं घर शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदीला. सुट्टी लागली की एस.टी.त बसायचं आणि न्हावरा, चौफुला करत मामांकडे दौंडला जायचं, हा दरवर्षीचा कार्यक्रम. दौंड म्हणजे रेल्वेचं मोठं जंक्शन. मनमाडकडून येऊन पुण्याला निघालेल्या गाडीचं इंजिन तेव्हा दौंडला काढायचे आणि दुसऱ्या टोकाला जोडायचे. ती गंमत बघायला मी तासन्‌तास उभा राहत असे.

मामा रेल्वेत गार्ड होते. (२०२२ पासून या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात.) गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजता आली, किती वाजता सुटली, हे त्यांना वहीत लिहावं लागे. तेव्हा घड्याळाशिवाय त्यांचं पान हलायचं नाही. घड्याळ एच.एम.टी.चं, चावीचं. रोज सकाळी चहा झाला की मामा त्याला चावी देत. मग कानाशी धरून ऐकत आणि मान डोलावत. त्यात काय ऐकतात, हे मला काही केल्या कळत नव्हतं. तेच बघायचं मी ठरवलं.

एका दुपारी मामा रात्रपाळी करून झोपले होते. मी भाजीची सुरी घेतली आणि घड्याळाचं मागचं झाकण उचकटलं. आत काय दिसलं असेल? एक सोनेरी चाक इकडून तिकडे, तिकडून इकडे झुलत होतं, आणि त्याच्या पोटात केसासारखी बारीक स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी आवळत होती, सैल होत होती! इथं थांबलो असतो तर ठीक होतं. पण मी सुईनं त्या स्प्रिंगला हात लावला. चाक थांबलं. ते चालू करायला म्हणून एक स्क्रू सैल केला, मग दुसरा. चाक बाहेर आलं ते स्प्रिंगचा पार गुंता होऊनच. एक स्क्रू टुणकन उडाला तो आजतागायत सापडलेला नाही.

मामा उठले. त्यांनी पसारा पाहिला, मला पाहिलं. मी रडायच्या तयारीतच होतो. पण ते ना ओरडले, ना हात उगारला. एक पत्र्याची डबी आणली, सगळे भाग तिच्यात गोळा केले आणि डबी माझ्या हातात दिली.

“उघडलंस तू. आता जोडणारही तूच,” एवढंच म्हणाले. आणि शेजाऱ्यांचं घड्याळ मागून घेऊन ड्यूटीवर गेले.

मित्रांनो, मार खाल्ला असता तर दोन दिवसांत विसरलो असतो. ती डबी मात्र विसरता येईना.

शिरूरला परतल्यावर मी डबी घेऊन बाजारपेठेतल्या एका घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, आत पाहिलं आणि विचारलं, “कुणी केलं हे?”

“मी.”

“खरं बोललास म्हणून सांगतो. मी दुरुस्त करून देणार नाही. शिकायचं असेल तर रविवारी ये.”

पहिल्या रविवारी त्यांनी माझ्यासमोर काय ठेवलं असेल? सायकलची घंटी! ती उघडायची, एकेक भागाचं वहीत चित्र काढायचं, सगळं पुसायचं आणि परत जोडायचं. वाजली तर पास. मी दोनदा नापास झालो. मग बंद पडलेली गजराची घड्याळं आली, पण स्प्रिंगचा ताण घड्याळजी स्वतः उतरवून देत. ताण असताना घड्याळ उघडलं तर स्प्रिंग उसळून डोळ्यालासुद्धा लागू शकते.

त्यांनीच मला चावीच्या घड्याळाचं गुपित सांगितलं. एका छोट्या डबीत पोलादाची पट्टी गुंडाळलेली असते. ती मेन स्प्रिंग. चावी दिली की ती आवळते आणि सुटायला धडपडते. तिला मोकळं सोडलं तर सगळी चाकं भर्रकन फिरून क्षणात खेळ खलास! म्हणून वाटेत एक पहारेकरी बसवलेला असतो. त्याला पॅलेट म्हणतात. शाळा सुटल्यावर शिपाईमामा फाटकात उभे राहून एकेकाला बाहेर सोडतात ना, तसा तो चाकाचा एकेक दात सोडतो. तीच टिकटिक! आणि दात कधी सोडायचा, हे त्याला कोण सांगतं? ते झुलणारं चाक, म्हणजे बॅलन्स, आणि त्याच्या पोटातली हेअरस्प्रिंग. म्हणजे मी नेमकं काळजालाच हात घातला होता! ही गुंडाळीची स्प्रिंग घड्याळात बसवायची युक्ती ख्रिस्तिआन हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं १६७५ साली जाहीर केली.

जुन्या चावीच्या घड्याळांत हे चाक बहुतेक तासाला १८,००० हेलकावे घेतं. सेकंदाला पाच. दिवसाला किती झाले? करा गुणाकार. ४,३२,०००! एवढी धाव सोसावी म्हणून चाकांची टोकं कृत्रिम माणकांच्या इवल्या खड्यांत फिरतात. तबकडीवर ‘१७ ज्युवेल्स’ लिहिलेलं असतं ना, ते हेच खडे.

मी चार वर्षं रविवारी जात राहिलो. पण हेअरस्प्रिंग काही सरळ झाली नाही. मग कॉलेज, नोकरी, संसार. डबी कपाटात गेली. दौंडला गेलो की मामा डबीचं नावही काढत नसत. मीही काढत नसे.

जानेवारी २०१६ मध्ये वर्तमानपत्रात बातमी वाचली, की एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करायचं सरकारनं ठरवलंय. हीच ती कंपनी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं तिचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली बंगलोरला सुरू झाला होता. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणाऱ्या स्फटिकावर चालणारी क्वार्ट्झची घड्याळं आली आणि चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले. ही संख्या वेडीवाकडी वाटते ना? तिची पंधरा वेळा निम्मी निम्मी करून पाहा, उत्तर बरोबर एक येतं. म्हणजे एक सेकंद!

बातमी वाचून मला धस्स झालं. आता नवे भाग कुठून येणार? त्या रात्री मी डबी काढली.

घरात एक टेबल अडवलं. पांढरं कापड अंथरलं. भिंग, दोन चिमटे, बारीक पेचकस आणि धूळ उडवायची रबरी फुंकणी आणली. पुण्याच्या जुन्या बाजारातून तशाच मशिनची पाच बंद घड्याळं घेतली. पाच मेलेल्यांतून एक जिवंत करायचं होतं. एकाचं बॅलन्स चांगलं, पण चाकाचे दात गंजलेले. दुसऱ्याची चाकं चांगली, तर खडा फुटलेला. पहिल्यांदा जोडलं, ते दोन मिनिटं चाललं. दुसऱ्यांदा तेल जास्त झालं. (सुईच्या टोकावर मावेल एवढंच लागतं, बरं का!) एकदा तर एक स्क्रू शोधायला आम्ही घरातले चौघंही बॅटरी घेऊन फरशीवर रांगत होतो. तो माझ्याच शर्टाच्या खिशात सापडला.

कंटाळा आला की मी जॉन हॅरिसनला आठवत असे. हा इंग्लंडमधला सुतार. समुद्रात बोट नेमकी कुठं आहे हे कळावं, म्हणून अचूक घड्याळ करायचा त्यानं ध्यास घेतला. पहिली तीन यंत्रं मनासारखी झाली नाहीत. चौथं पुरं व्हायला १७५९ साल उजाडलं. तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. १७६१ साली ते बोटीनं जमैकाला निघालं, तेव्हा ८१ दिवसांत फक्त पाच सेकंदांच्या आसपास चुकलं! मला तर एकच घड्याळ चालू करायचं होतं.

आठ महिने गेले. एका रात्री बॅलन्स जागेवर ठेवलं, शेवटचा स्क्रू फिरवला आणि ते आपणहून झुलायला लागलं. मी घरच्यांना हाकसुद्धा मारली नाही. नुसता बघत बसलो.

मग जुनी केस घासून लख्ख केली, काच बदलली आणि देवनागरी आकड्यांची तबकडी बसवली. मोबाइलच्या वेळेशी ताडून वेग लावला. शेवटी घड्याळ दिवसाला पंधरा सेकंद मागे पडू लागलं. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात पंधराची चूक. म्हणजे शंभरपैकी ९९.९८ मार्क!

ते घेऊन मी दौंडला गेलो. मामा निवृत्त झालेले, हातात काठी. घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि आधी खरं ते सांगून टाकलं. “मामा, यात तुमचं मागचं झाकण आहे, चार चाकं आहेत आणि स्प्रिंगची डबी आहे. बाकी सगळं दुसऱ्या घड्याळांतलं. ती हेअरस्प्रिंग काही वाचली नाही. चुकलं माझं.”

हे शेवटचे दोन शब्द म्हणायला मला एकोणतीस वर्षं लागली, मित्रांनो.

मामा हसले. “अरे, माझेही दात नवे, गुडघा नवा. तरी तू मला मामाच म्हणतोस ना?” मग थोडं थांबून म्हणाले, “त्या रात्री मागून नेलेलं घड्याळ दोन मिनिटं पुढं होतं. प्रत्येक स्टेशनात मान बाहेर काढून फलाटावरचं घड्याळ शोधत होतो मी. पण तुझ्यावर ओरडलो असतो, तर तू पुन्हा कधी काही उघडलं नसतंस.”

त्यांनी चावी दिली. घड्याळ कानाशी नेलं. ऐकलं. आणि मान डोलावली.

“किती मागं पडतं?”

“दिवसाला पंधरा सेकंद.”

“चालेल. आता मला कुठली गाडी सोडायचीय?”

तेव्हापासून मी अशी सात घड्याळं जोडली. विकली एकही नाही. तबकडी नव्यानं रंगवलेली असेल किंवा काटे दुसरे असतील, तर झाकणाच्या आत चिठ्ठी ठेवतो. जोडलेल्या घड्याळाला जोडलेलंच म्हणावं, अस्सल म्हणून खपवू नये.

आता तुमची पाळी. आजोबांचं घड्याळ सध्या राहू द्या, ते नंतर. या रविवारी मोठ्यांना विचारून सायकलची घंटी उघडा. खाली पांढरं कापड हवं आणि हाताशी वही. जो भाग निघेल त्याचं चित्र काढा, त्यावर नंबर घाला. मग उलट्या नंबरानं जोडा.

वाजली तर पास. नाही वाजली तरी घाबरू नका. मी दोनदा नापास झालो होतो!