तीन शिलेदार आणि एक वेतनमर्यादा

१/ केव्हिन ड्युरँट, रसेल वेस्टब्रुक, जेम्स हार्डन. २००७ ते २००९ या काळात एकाच संघाने निवडलेले हे तिघे. २०१२ साली ओक्लाहोमा सिटी थंडर त्यांच्या बळावर एनबीएच्या अंतिम फेरीत पोहोचला.

२/ एनबीएत संघाच्या एकूण वेतनाला मर्यादा असते. स्वतःचे खेळाडू राखण्यासाठी ती ओलांडता येते. पण त्यापुढच्या दुसऱ्या रेषेपलीकडे दंडात्मक कर लागतो. २०११ च्या करारान्वये २०१३-१४ पासून तो प्रत्येक जादा डॉलरमागे किमान दीड डॉलर झाला.

३/ थंडरने हार्डनला कमाल वेतनाहून थोडे कमी देऊ केले. त्याने ते नाकारले. २७ ऑक्टोबर २०१२ रोजी त्याची ह्यूस्टनला रवानगी झाली. बदल्यात केव्हिन मार्टिन, जेरेमी लॅम्ब आणि भावी निवडीचे हक्क मिळाले.

४/ पुढे तिघेही मोसमाचे सर्वोत्तम खेळाडू ठरले: ड्युरँट २०१४, वेस्टब्रुक २०१७, हार्डन २०१८. एकत्र असताना मात्र अजिंक्यपद त्यांच्या हाती लागले नाही.

५/ श्रीमंत शहरांनी सगळे तारे पळवू नयेत, हा या नियमांचा एक हेतू. त्याची झळ बसली ती आपले तारे स्वतः घडवणाऱ्या एका लहान शहराला.