मोगऱ्याचा डबा

डबा उपडा केला. बुडावर थापा मारल्या. कडेनं खुरपं फिरवलं. मोगरा काही हलेना. शेवटी छिन्नी घेऊन पत्रा उभा फाडला, तेव्हा कुठं गड्डा बाहेर आला.

आणि बघतो तर माती नाहीच. नुसती मुळं.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. धागा तुटला आणि आपलं ध्यान नसलं की कापूस रोलरला गुंडाळत जातो. त्याला आम्ही लॅपिंग म्हणतो. थरावर थर घट्ट बसतो, मग हूक घालून तो फाडून काढायचा. सहा वर्षं मी हेच करतोय. मोगऱ्याच्या मुळांनी तेच केलं होतं. बाहेर जायला वाट नाही, मग पत्र्याच्या भिंतीला धरून गोल गोल फिरत राहिली. वरून घातलेलं पाणी सरळ खालच्या भोकातून निघून जायचं. मागच्या उन्हाळ्यात मोजून सात कळ्या. आई म्हणायची, म्हातारं झालंय, टाक उकिरड्यावर.

म्हातारं नव्हतं झालं. त्याला जागा नव्हती.

हा मोगरा मुंबईचा. आज्जा परळच्या गिरणीत होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्षभर वाट बघून आज्जा इस्लामपूरला परत आला. सोबत एक वळकटी, बाबासाहेबांचा फोटो आणि चाळीच्या गॅलरीतला डालडाचा डबा, त्यात मोगरा. आज्जी म्हणे कपाळावर हात मारून बसली. मुंबईला जाऊन माणसं भांडी आणतात, ह्यानं झाड आणलं! ते मूळ झाड कधीच गेलं. पण त्याची फांदी मातीत दाबून नवं, त्याची दाबून पुन्हा नवं, असं करत ते आमच्यात राहिलं. आमच्या घरात वारसा म्हणतात तो एवढाच.

आज्जाही रिंग खात्यातच होता. हे काय योगायोगानं होत नाही. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून काढावा लागायचा. आमच्या तोंडाचा धागा पुढच्याच्या तोंडाला कसा चालायचा? म्हणून मागावर आम्ही नको, आणि जादा पगार तर मागावरच. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हे पुढाऱ्यांपुढं ठेवलं, आमच्या माणसाला सगळी खाती खुली करा म्हणाले. आज्जा लागला तोवर कायद्यानं दार उघडलं होतं. पण आज्जाला ज्यांनी लावलं ते भाऊबंद सगळे रिंग खात्यातले. मग तोही तिथंच. आता मी. माझ्या गिरणीत माग नाहीतच, त्यामुळं मला कुणी अडवलेलं नाही. तरी मुळं बघितली आणि हे आठवलं, त्याला मी काय करू?

कात्रीनं बाहेरचा वेढा कापला. आई ओरडली, मारशील त्याला! मुळं सगळी कापायची नसतात, बाहेरची गोल फिरलेली तेवढी. आतली बोटांनी मोकळी करायची. वरच्या फांद्याही निम्म्या छाटल्या, कारण कमी मुळांना जास्त पानं झेपत नाहीत. नवा डबा तेलाचा, पंधरा किलोचा. बुडाला खिळ्यानं पाच भोकं, त्यावर खापऱ्या. शेणखत मिळालं, वाळू मिळाली. आपली काळी माती नुसती घातली तर पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात, म्हणून वाळू.

राहिली माती. पेठ नाक्याकडं जा नाहीतर नदीकडं, रानच रान, ऊसच ऊस. आमच्या नावावर गुंठा नाही. पाटी घेऊन मी गेलो ते आई खुरपायला जाते त्या रानाकडं. मालक बांधावर उभा. तोड चालली होती.

“माती? कशाला रं?”

“मोगऱ्याला.”

तो हसला. “मोगरा! न्हे की. जरा तेवढ्या मोळ्या फेक ट्रॉलीत, मग न्हे.”

आणि मी फेकल्या. रात्रपाळी करून आलेला, कविता करणारा, संघर्षावर लिहिणारा मी. नाही म्हणायचं सुचायच्या आत हात मोळीला लागले होते. अर्ध्या तासानं दोन पाट्या माती मिळाली.

आईनं माती चाळता चाळता विचारलं, “फुकट दिली?” मी म्हटलं, व्हय. ती म्हणाली, “दिली तर काय झालं? तीस वर्षं त्या रानात माझी बोटं झिजली. इचारलंस तरी कशाला?”

मोळ्यांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. इथं सांगतोय, ती वाचणार नाही म्हणून.

डबा दाराआड सावलीत ठेवला. पाच दिवसांत होती ती पानंही गळली. आई काही बोलली नाही, म्हणजे सगळं बोलली. पंधराव्या दिवशी कामावरून आलो तर डब्यात हिरवा कोंब. बसून बघितला. मोगरा नव्हे, ऊस! मातीबरोबर त्याची कांडी आली होती, डोळा फुटला होता.

“मालक आला बघ मागनं,” आई म्हणाली, आणि एवढी हसली की तिला ठसका लागला.

कोंब मी धरून उपटला. त्याच्या मुळाशी बारीक माती भुरभुरली, ती परत डब्यात घातली. तेव्हा दिसलं, मोगऱ्याच्या छाटलेल्या फांदीवर, पेराशी, दोन ठिकाणी तांबूस टोक आलं होतं. डबा उचलून सकाळच्या उन्हात ठेवला आणि झोपायला गेलो. रात्री पुन्हा पाळी होती.