कडेचा पाव इंच

दिवाळीच्या शुभेच्छा इतक्या स्वस्त कधीच झाल्या नव्हत्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून, अंगाचा उटण्याचा वास जायच्या आत मी मोबाइल हातात घेतो, तो त्यात शंभर-सव्वाशे पणत्या तेवत असतात. पणती तीच, तिच्याखालची चारोळी तीच. पाठवणारे तेवढे निरनिराळे. एके वर्षी सकाळी सहाला मी आमच्या साडूंना पाठवलेली पणती चार घरे फिरून साडेनवाला माझ्याकडेच परत आली. पाठवणाऱ्याने खाली ‘खास तुमच्यासाठी’ असे लिहिले होते. माहेरी आलेल्या लेकीसारखे मी तिचे स्वागत करायला हवे होते. पण मी तिला तशीच पुढे रवाना केली.

ही युक्ती आजकालची आहे असे मात्र कुणी समजू नये. नाताळच्या शुभेच्छापत्राचा जन्मच मुळी सोयीपोटी झाला. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल या कामसू गृहस्थाला नाताळात इष्टमित्रांना पत्रे लिहायला सवड होईना. त्याने जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या हजारभर प्रती छापल्या, आणि स्वतःची गरज भागल्यावर उरलेल्या प्रती शिलिंगाला एक या भावाने विकायला काढल्या. चित्रात टेबलाभोवती जमलेले एक हसतमुख कुटुंब आहे. कुटुंब आहे, पण विकत घेणाऱ्याचे नाही. तेव्हापासून आपण सारे दुसऱ्याच्याच घरची पणती आपली म्हणून पाठवीत आलो आहोत.

गेल्या दिवाळीआधी आमच्या कन्येने फर्मान काढले, की यंदा पणती पुढे ढकलायची नाही. घरच्या फोटोंची कार्डे घरीच करायची आणि पोस्टाने पाठवायची.

“बाबा, तुमच्या फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत. त्यातला एक तरी कधी कुणाला नीट दाखवलाय का?”

अकरा हजार! आमच्या वेळी छत्तीस फोटोंचा रोल एखाद्या लग्नाला पुरून उरत असे, आणि बटण दाबण्यापूर्वी मनात पैशांचा हिशेब होई. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आता तेवढ्या वेळात आमची मेहुणी एका मोदकाचे पंचवीस फोटो काढते.

तीन संध्याकाळी आम्ही निवड करीत होतो. गॅसचा मीटर, डॉक्टरांची चिठ्ठी, गाडी लावलेल्या खांबाचा नंबर आणि माझा स्वतःचा अंगठा हे सारे वगळून निम्मे काम हलके झाले. पुढे मात्र मतभेद सुरू झाले. सौ.ला ज्यात माणसे चांगली दिसतात ते फोटो हवे होते. मला ज्यात काहीतरी चाललेले आहे ते. शेवटी तोड निघाली. आधी फोटो नव्हे, माणूस ठरवायचा. सव्वीस नावे लिहिली आणि प्रत्येकाला कोणता फोटो आवडेल ते पाहू लागलो. टोरांटोला स्थायिक झालेल्या माझ्या मित्राला रोषणाई कशाला? तिकडे ती पुष्कळ आहे. त्याला डोंबिवली स्टेशनावरची सकाळची आठ वाजताची गर्दी पाठवायची ठरली.

आता थोडे कारागिरीविषयी. तुमच्यापैकी कुणाला हा उद्योग करायचा झाला तर उपयोगी पडेल. सहा बाय चार इंची फोटोला, इंचाला तीनशे ठिपके धरले तर १८०० बाय १२०० ठिपके लागतात. आजचा कुठलाही मोबाइल तेवढे सहज देतो. पण फोटो मूळचा पाहिजे. व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे फिरलेला फोटो वाटेत वाळून येतो. मेहुणीकडचे आम्ही ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवले. दुसरे असे, की मोबाइलच्या पडद्याला मागून उजेड असतो, कागदाला नसतो. पहिल्या खेपेला आमचे लक्ष्मीपूजन ग्रहणात उरकल्यासारखे दिसत होते. छापण्यापूर्वी उजेड थोडा वाढवावा.

कागद मी अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आणला, चांगला जाड, तीनशे जीएसएमचा. असा कागद नुसता दुमडला तर घडीवर फुटतो. आधी पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनाने रेघ ओढावी, मग घडी घालावी. फोटोला डिंक लावू नये, तो सुरकुततो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी. ए-फाइव्ह कागदाची घडी होते १४८ बाय १०५ मिलिमीटर, आणि सहा बाय चार इंची फोटो असतो १५२ बाय १०२. म्हणजे पाहुणा चार मिलिमीटर उंच! असल्या चार मिलिमीटरांवरून आमच्या घरात दोन दिवस महाभारत चालले होते.

खरी गोष्ट घडली ती आत्याच्या फोटोची.

माझी धाकटी आत्या मिरजेला असते. वय ब्याऐंशी. तिला वैधव्य लवकर आले. पुढे तिने शाळेत नोकरी केली आणि दिरांची मुले वाढवली. माझे वडील, म्हणजे तिचे दादा, हा तिचा एकच भाऊ आता उरला आहे. तिच्याजवळ साधा बटणांचा फोन, त्यामुळे आमच्या कौटुंबिक ग्रुपवर ती नाही. फोटो काढायची चाहूल लागली की “माझं काय त्यात!” म्हणून कडेला सरकायची तिला जन्माची सवय. तरी आदल्या वर्षीच्या भाऊबीजेला कन्येने स्वयंपाकघराच्या दारातून एक उभा फोटो टिपला होता. मध्ये पाटावर दादा, टोपी घालून, लहान मुलासारखे ताठ बसलेले. आणि उजव्या कडेला आत्या, वाकून ओवाळते आहे. हाच फोटो आत्याला पाठवायचा, यावर घरात प्रथमच एकमत झाले.

चौकातल्या स्टुडिओतून प्रती आल्या. कन्येने पाकीट उघडले आणि विचारले, “आत्याआजी कुठाय?”

दादा होते, पाट होता, रांगोळी होती. उजव्या कडेला हवेत तबक होते आणि ते धरलेला एक हात. मोबाइलचा फोटो चारास तीन या मापाचा, आणि स्टुडिओचा कागद तीनास दोन. उभा फोटो त्यात बसवायचा तर दोन्ही कडांचा पाव-पाव इंच जातो. त्या पाव इंचात आत्याचा चेहरा होता.

मी परत गेलो. स्टुडिओतला मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, “काका, मशीनच कापतं ते. पण मेन माणूस आलाय की मध्ये!”

त्याचे काय चुकले? आत्या घरात असताना आम्हा सर्वांचेच लक्ष मध्ये असे. त्याला सांगितले, की फोटो पुरा छाप, बाजूला पांढरी जागा उरली तरी चालेल. फोटो थोडा लहान आला, भोवती पांढरी किनार आली, आणि ते चार मिलिमीटरही त्या किनारीतूनच कापता आले. आत्या पुरती आत आली.

कार्डात मजकूर दादांनी लिहिला. हात थरथरतो, म्हणून तीन ओळींना अर्धा तास लागला. ‘चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद’ अशी सुरुवात होती. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारे या जगात आता एकच माणूस आहे, हे मला ती ओळ वाचताना प्रथम जाणवले.

वसुबारसेला आत्याचा फोन आला. “अरे, दादाच्या कानावरचे केससुद्धा पिकले की रे! दरवर्षी ओवाळते, पण माझं सगळं लक्ष निरांजनाकडे. कधी दिसलंच नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि ती कडेची मीच ना? मला आधी आईच वाटली.”

दादांना हे सांगितले. त्यांनी घरातली प्रत मागवली, भिंग घेतले आणि बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, “बरोबर आहे. नाक आईचंच आहे.” ती प्रत त्यांनी बंडीच्या खिशात ठेवली, पुन्हा मागायची कुणाची छाती झाली नाही.

यंदाची कार्डे सुरू झाली आहेत. आत्याला आता प्रवास झेपत नाही, म्हणून भाऊबीजेला दादांना घेऊन आम्हीच मिरजेला जाणार आहोत. कन्येने बजावले आहे, की या वेळी आत्याआजीला मध्ये बसवायचे. आत्या ऐकेल असे मला वाटत नाही. म्हणून मी फोटो आडवा काढणार आहे. आडव्या फोटोला कात्री लागते ती वर आणि खाली. कडेची माणसे शाबूत राहतात.