कान, सजदा आणि लाल माती

आमचे अब्बाजी कोल्हापूरच्या तालमीत घडलेले. त्यांचे दोन्ही कान मुडपलेले, गाठाळलेले. ज्या शहरात १९१२ सालापासून खासबागचं मैदान आहे, तिथं असे कान म्हणजे पैलवानाची सनद. रस्त्यानं जाताना अनोळखी माणूसही त्यांच्या कानाकडं बघून रामराम करतो.

त्यांच्या नातवाचे, म्हणजे आमच्या थोरल्याचे कान मात्र जन्मापासून बाहेर आलेले. शाळेत पोरं त्याला 'सुपडं' म्हणायची. आम्ही दोघं नवरा-बायको ते हसण्यावारी न्यायचो. तेराव्या वर्षी तो केस वाढवून कान झाकायला लागला, तेव्हाही वयाचा चाळा समजून सोडून दिलं. मग तालमीतल्या वस्तादांनी केस कापून यायला सांगितलं आणि पोरानं तालीमच सोडली. हौद्यात उतरल्याशिवाय ज्याला घास गोड लागत नव्हता, तो केसांपायी कुस्ती सोडतो, तेव्हा आमचे डोळे उघडले.

घरात पहिला प्रश्न निघाला तो दीनचा. अल्लाहनं दिलेल्या रूपात हात घालणं बसतं का? आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांकडं गेलो. त्यांनी सांगितलं की २००७ साली मलेशियात पुत्रजया इथं आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीची बैठक झाली, तीत याचा विचार झाला आहे. जन्मजात दोष दूर करायला, त्या दोषानं मनाला त्रास होत असेल तर तो निवारायला मुभा आहे. नुसत्या हौसेपोटी रूप बदलायला नाही. "पोराचं मन बघा," ते म्हणाले, "लोकांचं नको." आमच्या मनावरचं ओझं उतरलं.

मे महिन्याच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. कानामागं छेद घेऊन, आतल्या कूर्चेला टाके घालून तिची घडी पाडतात. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की शस्त्रक्रियेपेक्षा पुढचे तीन महिने अवघड. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरचं पातळ आवरण तिला पोसतं. त्या दोहोंत रक्त साचलं की कूर्चेची उपासमार होते आणि कान गाठाळतो. मग त्यांनी अब्बाजींना विचारलं, "चाचा, तुमचे कान असे कशानं झाले?"

"कुस्तीनं."

"कुस्तीनं रक्त साचलं. ते वेळेवर काढलं नाही म्हणून असे झाले. नातवाच्या बाबतीत आपल्याला तेच टाळायचं आहे."

अब्बाजी कधी नव्हे ते गप्प झाले.

पहिला आठवडा डोक्याभोवती पट्टी. उशा रचून डोकं उंच ठेवून उताणं झोपायचं, घरातल्या घरात चालायचं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सावकाश फेरफटका. धाप लागेल असं काही नाही. तीन आठवड्यांनी तपासून हलकं धावणं, थोड्या बैठका. सहा आठवडे रात्री कानावर पट्टा. त्यानंतर जोर आणि विहिरीत पोहणं. कुस्ती मात्र तीन महिन्यांनी, तीही पुन्हा तपासल्यावरच. डोक्यातून घालायचा बनियन बंद, पुढं गुंड्यांचा सदरा चालू. प्रत्येकाच्या जखमेप्रमाणं तारखा मागं-पुढं होतात, पण क्रम हाच.

वुजूची अडचण सुटली. कानांचा मसह सुन्नत आहे, फर्ज नाही. आणि जखमेवर पट्टी असली की पट्टीवरूनच मसह करायचा. सजदा खुर्चीवर बसून इशाऱ्यानं. गुडघ्यांमुळं अब्बाजी आधीच खुर्चीवर नमाज पढत. आता आजा-नातू शेजारी शेजारी बसू लागले.

सहाव्या दिवशी पोरानं घात केला. पहाटे गच्चीवर जाऊन त्यानं पन्नास जोर मारले. अंग आंबलं होतं, आणि तालमीतली पोरं पुढं निघून जातील ही धास्ती. दिवसभर तो काही बोलला नाही. रात्री डाव्या कानात ठणका सुरू झाला. गोळीनं उतरेना. आम्ही म्हणालो, सकाळी बघू. अब्बाजी खुर्चीतून उठले. "एकाच बाजूला ठणकतंय आणि वाढत चाललंय. मला असंच झालं होतं. तेव्हा मीही सकाळी बघू म्हणालो होतो. आत्ता उठा."

रात्री एक वाजता आम्ही दवाखाना गाठला. पट्टी सोडली तर कान फुगलेला, काळानिळा. डोकं खाली घालून जोर मारल्यानं दाब चढला आणि आत रक्त साचलं होतं. डॉक्टरांनी ते काढून नव्यानं पट्टी बांधली. आणखी उशीर झाला असता, जंतू शिरले असते, तर कूर्चा गमावली असती.

घरी येताना आमच्या लक्षात आलं, चूक एकट्या पोराची नव्हती. 'हे नको, ते नको' एवढंच आम्ही त्याला सांगत राहिलो. का नको, ते डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं आणि आम्ही आमच्यापाशीच ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवून कागदावर कान काढून दाखवला. डॉक्टरांनी सांगितलेली आणखी एक गोष्टही सांगितली. सुश्रुतसंहितेत फाटलेला कान सांधायच्या पंधरा रीती आहेत, आणि सांधल्यावर काय वर्ज्य करायचं त्या यादीत व्यायामही आहे. हा ग्रंथ पुढं बगदादेत अरबीतही गेला. पोरगा पहिल्यांदा हसला. म्हणाला, "म्हणजे तेव्हाही कुणीतरी पहाटे जोर मारले असणार."

रक्त साचल्यामुळं त्याच्या तारखा पुढं ढकलल्या गेल्या. त्यानं भिंतीवर कागद लावला आणि एकेक दिवस खोडू लागला. सजद्याची परवानगी मिळाली त्या दिवशी कपाळ जमिनीला टेकवून तो बराच वेळ उठला नाही. शेजारी अब्बाजी खुर्चीवरच होते.

आम्हाला एक प्रश्न छळत होता. पदरमोड करून बसवलेले कान उद्या हौद्यात मोडणार असतील, तर हे सगळं कशाला? शेवटी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "दादाजींच्या कानाला कुणी हसतं का?" आमच्याकडं उत्तर नव्हतं. उत्तर अब्बाजींनी दिलं. "हसत नाहीत, खरं आहे. पण या कानानं मला नीट ऐकू येत नाही, ते तू कुणाला विचारलंस?" आणि आयुष्यभर ज्याची टर उडवली, ते कान झाकायचं कवच ते स्वतः बाजारातून घेऊन आले.

सप्टेंबरात डॉक्टरांनी होकार दिला. कानामागं स्पर्श अजून बधिर होता. तो परतायला आणखी काही महिने लागतील म्हणाले. जखम पूर्ण भरली होती, म्हणून मातीची भीती नव्हती. केस बारीक कापून पोरगा हौद्यापाशी उभा राहिला. वस्तादांनी ताक-हळद घालून माती नुकतीच खणून घेतली होती. अब्बाजींनी कवचाचा पट्टा त्याच्या हनुवटीखाली बांधला, आत बोट घालून सैल तर नाही ना, पाहिलं.

"माती कपाळाला लाव, कानाला नको," ते म्हणाले.

त्यानं वाकून माती उचलली आणि कपाळाला लावली. पहिला महिनाभर नुसती मेहनत, जोड नाही, असं ठरलं होतं. या वेळी त्यानं ते पाळलं.