मैदानावरचे ‘एच’ अक्षर

शाळेचे मैदान मुख्याध्यापकाच्या अखत्यारीत असते, असा आमचा कित्येक वर्षे समज होता. सात-आठ वर्षांपूर्वी आलेल्या एका सरकारी पत्राने तो दूर केला. राष्ट्रपतींच्या नियोजित दौऱ्यासाठी खानापूर तालुक्यातील आमच्या शाळेचे मैदान पर्यायी हेलिपॅड म्हणून हवे होते. पत्राची भाषा विनंतीची होती. परंतु अशा विनंतीस नकार देण्याची रीत आमच्या खात्यात नाही.

राष्ट्रपती हे घटनेनुसार तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च प्रमुख. दिल्लीहून मोठ्या विमानतळापर्यंत ते विमानाने येतात आणि जेथे धावपट्टी नाही तेथे वायुदलाचे हेलिकॉप्टर त्यांना नेते. पूर्वी हे काम एमआय-८ ही रशियन हेलिकॉप्टरे करीत. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी परदेशी बनावटीची १२ नवी हेलिकॉप्टरे घेण्याचा करार २०१० साली झाला. पण लाचखोरीचे आरोप होऊन २०१४ च्या जानेवारीत तो रद्द झाला. पुढे एमआय-१७ व्ही-५ ने ही जबाबदारी पेलली. या यंत्राच्या मोठ्या पात्यांचा घेर सुमारे २१ मीटर रुंद आणि भरल्या अंगाने त्याचे वजन १३ टनांपर्यंत. एवढे धूड उतरायचे म्हणजे जमीन घट्ट हवी, उतरण्याची वाट मोकळी हवी, वाऱ्याची दिशा कळायला हवी. हे सारे आम्ही त्या आठवड्यात शिकलो. माणसाने पन्नाशी गाठली तरी शिकणे संपत नाही, हेच खरे.

रोलर आला, पाण्याचे टँकर आले. तांबडी माती दबली. मधोमध वर्तुळ आखून पांढऱ्याशुभ्र रंगात ‘एच’ काढला गेला. फळ्यावर अक्षरे काढण्यात आयुष्य गेले, पण आकाशातून वाचता यावे असे अक्षर आम्ही प्रथमच पाहिले.

मैदानाच्या पूर्वेस एक जुने जांभळाचे झाड होते. पावसाळ्याच्या तोंडाला त्याखाली बसलेल्या वर्गात अर्धी मुले जांभळ्या जिभांनी कविता म्हणत. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी ते उतरण्याच्या वाटेत येत असल्याचे सांगितले. कागद पुढे आला आणि आम्ही सही केली. शाळेला सुटी होती. मुलांना विचारण्याचा प्रश्न आला नाही. निदान तेव्हा आम्ही स्वतःची समजूत तशीच घातली.

चाचणीसाठी एक हेलिकॉप्टर आले. पाणी मारूनही अशी धूळ उडाली की समोरची शाळा दिसेना. मध्यान्ह भोजनाच्या खोलीची चार कौले गेली. कुंपणाबाहेर गाव लोटले होते. सहावीतली एक मुलगी आमच्यापाशी येऊन म्हणाली, “सर, खरंच येतानी तीन येणार म्हणत्यात. तीन कशाला लागत्यात?”

आम्ही म्हणालो, “सोबत अधिकारी असतात, डॉक्टर असतात, सुरक्षारक्षक असतात. शिवाय एखादे नादुरुस्त झाले तर दुसरे हवे.”

“मग राष्ट्रपती कुठल्यात बसत्यात?”

“ते आधी कोणाला सांगत नाहीत, बाळ.”

तिने मान हलवली आणि मैदानाकडे पाहून हळूच विचारले, “आणि आपली जांभूळ?”

तीन हेलिकॉप्टरांचे उत्तर आमच्यापाशी तयार होते. एका जांभळीचे नव्हते.

पुढे दौरा लांबणीवर पडला आणि अखेर रद्द झाला. पहिल्या पावसात ‘एच’ धुऊन गेला. उगाच झाड गेले, अशी रुखरुख मनात राहिली आणि त्या सगळ्या खटाटोपाचा रागही.

तो राग २०२५ च्या ऑक्टोबरात ओसरला. २२ तारखेस राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू शबरीमलेस निघाल्या होत्या. हवामानामुळे उतरण्याचे ठिकाण ऐनवेळी बदलून केरळातील प्रमाडम येथील मैदान ठरले. घाईने घातलेले काँक्रीट पुरते धरले नव्हते. हेलिकॉप्टर टेकले आणि चाके त्यात रुतली. राष्ट्रपती सुखरूप उतरून मोटारीने पुढे गेल्या. मागे पोलीस व अग्निशमन दलाचे जवान ते प्रचंड यंत्र हातांनी ढकलत होते. ते दृश्य पाहून अनेकांना हसू आले. आम्हांस मात्र आमचा रोलर आठवला. पर्यायी जागा आधीच सिद्ध ठेवावी लागते ती अशाच दिवसासाठी. ती वापरावी लागली नाही, म्हणून वाया गेली असे नव्हे. राष्ट्रपती स्वतः एके काळी रायरंगपूरला शिक्षिका होत्या. मैदान म्हणजे शाळेला काय, हे त्यांना सांगावे लागणार नाही.

राग गेला, पण त्या मुलीच्या प्रश्नाचे ओझे उतरले नाही. झाड तोडणे कदाचित आवश्यक होते. मुलांना न सांगता तोडणे आवश्यक नव्हते. ती चूक कोणत्याही खात्याची नव्हे, आमची होती.

कुंपणालगत मुलांनी लावलेले जांभळीचे नवे रोप आता पुरुषभर झाले आहे. उद्या पुन्हा पत्र आले तर मैदान आम्ही आनंदाने देऊ. मात्र सही करण्यापूर्वी सर्व वर्ग बाहेर बोलावू आणि कोणत्या झाडावर खूण झाली आहे, ते मुलांना आधी दाखवू.