कानावर आलेलं

ऐकलेलं पोटात ठेवायचं, ही टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीतली पहिली अट. भारतीय तार कायदा १८८५ सालचा. दुसऱ्याचा निरोप फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद सांगितलेली होती, आणि हे आम्हाला रुजू होतानाच नीट समजावून दिलं होतं. १९८४ साली मी खामगावच्या ट्रंक बोर्डावर बसले. समोर उभ्या फळीवर जॅकच्या रांगा, टेबलावर दोऱ्यांच्या जोड्या, कानाला हेडसेट. मागची दोरी ज्याने कॉल बुक केला त्याच्या लाइनीत, पुढची हव्या त्या गावाच्या ट्रंकमध्ये, आणि बोलणं जुळलं की किल्ली सोडून आपण बाजूला व्हायचं. पण लाइनी अशा, की मध्येच आवाज बुडायचा. मग बोलणं चालू आहे ना हे बघायला पुन्हा लाइनवर यावं लागे. तेवढ्यात कानावर पडायचं ते पडायचंच.

खामगाव व्यापाराचं गाव. कापूस त्या काळी सरकारच एकाधिकार योजनेत घेई. पण सरकी, ढेप, डाळी, तेल यांच्या भावासाठी सकाळपासून मुंबई, इंदूर, अकोल्याचे कॉल लागलेले असत. साधा कॉल तासन् तास लागायचा नाही. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. एवढे पैसे मोजून माणूस लाइनवर आला की थेट मुद्द्यावर येईल असं कुणालाही वाटेल. तसं क्वचितच व्हायचं. गावाकडे पाऊस कसा आहे हे जो पुन्हा पुन्हा विचारायचा, त्याचा जीव उसनवारीत अडकलेला असे. घरचे सगळे बरे ना, असं तिसऱ्यांदा विचारणाऱ्याला वाईट बातमीची कुणकुण आधीच लागलेली असे. कुणाचं काय होतं ते मी तेव्हाही बोलले नाही, आताही बोलणार नाही. पण माणूस विचारतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच, हे मला त्या हेडसेटने शिकवलं. पुढे पस्तीसेक वर्षं आमच्या खात्यात ज्या वावड्या उठत राहिल्या, त्या ऐकताना ही एवढीच शिदोरी माझ्या कामी आली.

वावड्यांना लगेचच सुरुवात झाली होती. मी लागले आणि वर्षाच्या आतच पोस्ट आणि टेलिफोन ही दोन खाती वेगळी झाली. १९८६ साली मुंबई आणि दिल्लीचे टेलिफोन उचलून महानगर टेलिफोन निगमकडे दिले. ‘मुंबई गेली, आता आपला नंबर,’ हे वाक्य मी तेव्हा जेवणाच्या सुट्टीत पहिल्यांदा ऐकलं. मग एसटीडी आलं. गावोगाव पिवळ्या पाट्यांचे बूथ उघडले, लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले आणि आमच्या बोर्डांवरची गर्दी ओसरली. आता ऑपरेटर ‘सरप्लस’ होणार, गडचिरोलीला पाठवणार, घरी बसवणार, असं रोज नवीन काहीतरी. यातली पहिली गोष्ट खोटी नव्हती. ऑपरेटरचं काम खरोखरच संपत चाललं होतं. पण नोकरी गेली नाही. संवर्गांची फेररचना झाली, आम्ही प्रशिक्षण घेऊन ‘टीओए’ म्हणजे टेलिकॉम ऑफिस असिस्टंट झालो, आणि मी बोथ्याच्या जंगलातल्या रस्त्याने बुलढाण्याला येऊन बिलांच्या टेबलावर बसले.

आमच्या जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे अशी दोन जगं आहेत. शेगाव, खामगाव, मलकापूर घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. पीक वेगळं, हवा वेगळी, बोलण्याचा हेल वेगळा. खात्यातली बातमी खाली निघून वर पोचेपर्यंत तिचं रूप पालटलेलं असायचं. ‘दोन एक्स्चेंज एकत्र करणार’ असं खाली कुणी म्हटलं की वर संध्याकाळपर्यंत ‘बुलढाण्याचं ऑफिस अकोल्याला जाणार’ झालेलं असे. मधे कुणी मुद्दाम लबाडी करत होतं असं मला कधी वाटलं नाही. प्रत्येकजण सांगताना आपल्या धास्तीची थोडी भर घालत होता. ज्याचं घर बुलढाण्यात बांधून झालेलं, त्याला अकोलाच ऐकू येणार.

सगळ्यात मोठा हादरा २००० सालचा. दूरसंचार खात्यातला चालवण्याचा सगळा भाग १ ऑक्टोबरपासून ‘भारत संचार निगम लिमिटेड’ नावाच्या कंपनीकडे जाणार होता. सरकारी नोकर म्हणून झोपायचं आणि कंपनीचा कामगार म्हणून उठायचं. या वेळी भीतीला एकच नाव होतं, पेन्शन. सप्टेंबरात देशभर संप झाला. त्या दिवसांत दारावर बसलेली माणसं आठवतात. केबल जोडणारे जॉइंटर, लाइनमन, खांबांवर चढून हाताला घट्टे पडलेले लोक. त्यांना निर्गुंतवणूक, स्पर्धा, धोरण हे शब्द कुणी समजावून सांगितले नव्हते. त्यांचा सवाल साधा होता. म्हातारपणी दर महिन्याला पैसे कोण देणार? कंपनी बुडाली तर? याचं उत्तर कुणाच्या भाषणाने मिळालं नाही. ते मिळालं महिनाअखेरीस निघालेल्या अधिसूचनेने. केंद्राच्या पेन्शन नियमांत ३७-अ हा नियम घातला गेला, आणि खात्यातून कंपनीत सामावून घेतलेल्यांची पेन्शन सरकारच देईल हे कागदावर आलं. तो कागद आमच्याकडे पोचला त्या दिवशी एका जॉइंटरने तो मला पुन्हा पुन्हा वाचायला लावला. इंग्रजी वाक्य, मग मराठीत अर्थ, मग परत इंग्रजी. ‘सरकार’ हा शब्द नेमका कुठे आहे ते त्याने बोट ठेवून बघून घेतलं. त्यानंतर कंपनीत जायचं की नाही याचे विकल्प भरून द्यायचे होते. त्याने शांतपणे सही केली. वर्षभर उठणारी वावटळ नियमाच्या एका ओळीने खाली बसलेली मी त्या दिवशी पाहिली, आणि माझं मत कायमचं बनलं: वर बसलेल्यांनी वेळेवर, स्पष्ट, लेखी सांगितलं तर निम्म्या अफवा जन्मालाच येत नाहीत. माणसं चहाडखोर असतात म्हणून कार्यालयांत कंड्या पिकतात हे मला मान्य नाही. ज्याचं आयुष्य टांगणीला लागलंय त्याला कुणी काही सांगतच नाही, म्हणून पिकतात.

याच जिल्ह्यात एक भाकीत दरवर्षी सांगितलं जातं. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ती सुरू केली असं सांगतात. गोलात धान्याच्या राशी, मध्ये खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पापड-कुरडई, विड्याचं पान, सुपारी. रात्री तिथे कुणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बदल पाहून पाऊस, पीक, राजा यांचं भाकीत सांगतात. ते खरं ठरतं की नाही याचा वाद जुना आहे, मला त्यात पडायचं नाही. मला भावतं ते तिथलं सांगणं. उजेडात, सगळ्यांसमोर, एकदाच, आणि सांगणारा स्वतःच्या नावानिशी समोर उभा. चुकलं तर पुढच्या वर्षी लोक त्यालाच विचारतात. अफवेच्या मागे असं कुणी उभं नसतं. ‘कुणीतरी म्हणालं’ याच्या मागे जाऊन पाहिलं तर तिथे दुसरा ‘कुणीतरी’ असतो.

मधली वर्षं भराभर गेली. मोबाइल आला, लँडलाइनचे फोन परत करायला लोक रांगा लावू लागले. १४ जुलै २०१३ च्या रात्री तारसेवा बंद झाली. तिची तारीख महिनाभर आधीच जाहीर झाली होती, म्हणून दुःख झालं पण अफवा एकही उठली नाही.

मग २०१९ उजाडलं. फेब्रुवारीचा पगार देशभर लांबला आणि त्याच्या बातम्या टीव्हीवर आल्या. २३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला: फोर-जी स्पेक्ट्रम, एमटीएनएलशी, म्हणजे त्याच महानगर टेलिफोन निगमशी, विलीनीकरण आणि पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती. अर्ज भरायची मुदत ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर. एका महिन्यात उभ्या आयुष्याचा निर्णय. आता अफवेला घाट चढायचीही गरज उरली नव्हती, ती व्हॉट्सअ‍ॅपवर एका झटक्यात सगळीकडे पोचायची. अर्ज न भरणाऱ्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवणार. लांब बदल्या करणार. मागे राहतील त्यांना पगार मिळणार नाही. प्रत्येक मेसेजखाली ‘आतली बातमी’ असं लिहिलेलं.

आमचा एक लाइनमन, चिखलीकडचा, रोज माझ्या टेबलापाशी यायचा. ‘ताई, अठ्ठावनचं खरं हाये काय वो?’ पहिल्यांदा मी सांगितलं, तसा आदेश निघालेला नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तिसऱ्या दिवशीही. तेव्हा मला ट्रंक लाइनवरचा, पाऊस कसा आहे हे पुन्हा पुन्हा विचारणारा तो माणूस आठवला. मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, ‘भाऊ, पोरीचं लग्न कधी आहे?’ त्याने माझ्याकडे बघितलं. मग सगळं आलं. लग्न दीड वर्षावर, सोसायटीचं कर्ज, शेतातली अर्धवट विहीर, आणि बायकोचं म्हणणं की एकरकमी पैसा हाती आला तर भावकी मागायला येईल.

अठ्ठावन्नचं खरं की खोटं हे मला ठाऊक नव्हतं. ते त्या क्षणी बुलढाण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्याच्या घराचा हिशेब आम्हा दोघांना करता येत होता. योजनेचा कागद समोर ठेवला. झालेल्या नोकरीच्या दर वर्षाला पस्तीस दिवसांचा पगार, उरलेल्या दर वर्षाला पंचवीस दिवसांचा. पेन्शन लगेच सुरू, पण ती विकून रक्कम घेणं साठ वर्षांनंतरच. एका बाजूला अर्ज भरला तर, दुसऱ्या बाजूला नाही भरला तर. आणि खाली त्यानेच सुचवलेली तिसरी ओळ: अठ्ठावन्न झालंच तर. तिन्ही ओळींत पोरीचं लग्न होत होतं. विहीर दोनच ओळींत होत होती. त्याने तो कागद घडी करून खिशात घातला आणि त्यानंतर अठ्ठावन्नचं पुन्हा विचारलं नाही.

हळूहळू दुपारच्या सुट्टीत माझ्याकडे माणसं यायला लागली. एखादा अंबाबरव्याच्या पायथ्याच्या एक्स्चेंजवरून, एखादी मेहकरहून. मी कुणाला भर अथवा भरू नको असं सांगितलं नाही. बातमी आली की आधी तीन गोष्टी विचारायच्या, एवढं आम्ही ठरवून टाकलं: आदेशाचा क्रमांक काय, तारीख काय, सही कुणाची. तिन्ही नसतील तर बातमी बाजूला, आणि ती सांगणाऱ्या माणसाची विचारपूस.

देशभरात सुमारे दीड लाख कर्मचाऱ्यांपैकी ७८ हजारांवर लोकांनी अर्ज भरले. ३१ जानेवारी २०२० ला आम्ही सगळे एकाच दिवशी निवृत्त झालो. मी त्यांत होते. चिखलीचा लाइनमन नव्हता. निवृत्तीचं वय साठच राहिलं, आणि तो पुढे साठाव्या वर्षीच घरी आला. म्हणून त्याचं बरोबर आणि माझं चूक असं आम्हा दोघांनाही वाटत नाही. माझ्या घरी आजारी सासूबाई होत्या, त्याच्या घरी विहीर होती.

गेल्या दिवाळीत शेजारच्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आहे. तो अंगणात माझ्याशी बोलत होता, हातातला फोन सारखा उघडत होता. म्हणाला, ‘काकू, शुक्रवारी लिस्ट लागणार म्हणतात. आमची टीमच काढणार म्हणे. नाहीतर मर्ज करणार. एचआर काहीच बोलत नाही.’ कोण म्हणतं, हे मी विचारलं नाही. 

‘घराचा हप्ता किती आहे रे तुझा?’

तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘बत्तीस हजार. अजून सतरा वर्षं. आणि काकू, घरी अजून सांगितलं नाहीये.’

मी आतून वही-पेन घेऊन आले आणि त्याच्या बाबांनाही हाक मारली.